गाडी गुणगुणतेय, ऐकतंय कोण?

'ऊंईंईंई...' फोनवर अनोळखी माणसाला असा आवाज काढून दाखवायची वेळ तुमच्यावर कधी आलीय? माझ्यावर आली. पलीकडे सर्व्हिस सेंटरचा माणूस आणि अलीकडे मी, गाडीची मिमिक्री करतेय! माझा परफॉर्मन्स ऐकून त्याने शांतपणे निदान केलं, "मॅडम, व्हील बेअरिंग. पुढची दोन्ही बदलावी लागतील." आणि एक आकडा सांगितला. गाडी न बघता, न चालवता. मी चार लेख लिहिते तेव्हा तेवढे पैसे मिळतात, म्हणून म्हटलं जरा थांबू.

गाडी अप्पांची. चौदा वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, मुक्काम पोस्ट धाराशिव. (जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं, आमच्या आत्याच्या तोंडी अजून उस्मानाबादच आहे.) दर पंधरा दिवसांनी अप्पा याच गाडीतून आईला डोळ्यांच्या तपासणीसाठी सोलापूरला नेतात. तुळजापूरमार्गे, घाट उतरून, साधारण ६५-७० किलोमीटर. मी पुण्याहून सुट्टीला गेले होते, मागच्या सीटवर बसले आणि पहिल्या पाच मिनिटांत तो आवाज कानात घुसला. बारीक, सलग, ॲक्सिलरेटर दाबला की चढणारा.

"अप्पा, हा कसला आवाज?"

"कसला? मला तर काही येत नाही."

आई म्हणाली, "दिवाळीपासून येतोय. मी सांगून दमले."

आता यात माझं टेन्शन डबल झालं. आवाज व्हील बेअरिंगचा असेल तर प्रकरण सीरियस. ते पार गेलं की चाक डगमगायला लागतं, आणि घाटात ते परवडणारं नाही. आणि ज्यांच्या हातात स्टिअरिंग, त्यांना तो ऐकूच येत नाही!

शेवटी गावातल्या मिस्त्रींकडे गेलो. पत्र्याची शेड, बाहेर लिंबाचं झाड, एसी वेटिंग लाउंज वगैरे लाड नाहीत. मिस्त्रींनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "ताई, गाडी उभी असताना बी आवाज यायलाय का?"

खरं सांगते, अर्धं निदान या प्रश्नातच होतं. गाडी न्यूट्रलला उभी करून रेस दिली. ऊंईंईं! चाकं जागच्या जागी आणि आवाज मात्र चढतोय. म्हणजे व्हील बेअरिंग बाद. चाकाचा आवाज गाडीच्या वेगाबरोबर वाढतो, इंजिनच्या फेऱ्यांशी त्याचा संबंध नसतो. शिवाय तो घरघर असतो, आणि वळण घेताना बदलतो, कारण वजन बाहेरच्या चाकावर जातं. मग क्लच दाबायला सांगितला. आवाज तसाच. गिअरबॉक्सचं इनपुट बेअरिंग असतं तर क्लच दाबल्यावर तो गप्प झाला असता. मग हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर, सगळं चालू. आवाज लगेच जाड झाला. मिस्त्री हसले, "डायनामो." अल्टरनेटरला अजूनही सगळे तेच म्हणतात. विजेचा लोड वाढला की त्याला जास्त ताकद लागते आणि आतलं दुखणं बाहेर येतं.

खात्रीसाठी त्यांनी लांब पेचकसाचं टोक अल्टरनेटरच्या अंगाला टेकवलं आणि मूठ कानाला लावली. डॉक्टरांचा स्टेथोस्कोपच! मग माझा नंबर. बापरे, आत कोणी वाळू दळतंय असं वाटलं. मग अप्पांनी हात पुढे केला. त्यांनी बराच वेळ मूठ कानाशी धरली.

"हाताला थरथर लागतेय," ते म्हणाले. "आवाज नाही."

मिस्त्री काही बोलले नाहीत. पेचकस परत घेतला आणि इंजिन बंद करून बेल्ट काढला. बेल्टशिवाय इंजिन जेमतेम अर्धा मिनिट चालवलं, कारण आमच्या गाडीत वॉटर पंपही त्याच बेल्टवर फिरतो. एकदम शांत. पुली हाताने फिरवली तर खरखर. काही महिन्यांपूर्वी कोणीतरी नवा बेल्ट नको इतका ताणून बसवला होता. अल्टरनेटरची पुली लहान, त्यामुळे तो इंजिनच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरतो. त्यात असा ताण, मग बेअरिंगचं ग्रीस किती टिकणार?

आत दोन बेअरिंग असतात, पुढचं मोठं, मागचं छोटं. दोन्ही नवी टाकली, बेल्ट अंगठ्याने दाबून बेताचा ताणला. मजुरीसकट चौदाशे रुपये आणि दोन चहा. बेअरिंग जाम झालं असतं तर बेल्ट तुटला असता, चार्जिंग बंद, पाणी फिरणं बंद आणि इंजिन तापून आई-अप्पा रस्त्यात कुठेतरी उभे. वाटेत बोनेटमधून वाफ यायची वाट बघण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

राहिले अप्पांचे कान. वाढत्या वयात आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. माणसांचं बोलणं ऐकू येत राहतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. "मला सगळं ऐकू येतं" हे वाक्य तुमच्याही घरात असेल. पुढच्या फेरीला मी सुट्टी वाढवली आणि आईच्या तपासणीनंतर अप्पांना तिथेच ऑडिओमेट्रीला बसवलं. काचेच्या खोलीत, हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. बराच वेळ त्यांचं बोट हललं नाही.

ग्राफची रेषा डावीकडे ठीक चालत होती, २००० हर्ट्झनंतर ती खाली उतरत गेली. अप्पांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला. "तुळजापूरचा घाटच आहे की हा," म्हणाले.

मशीन लावायचं की नाही, यावर घरात अजून चर्चा चालू आहे. ते म्हणतात, पैसे आहेत कुठे? मी म्हणते, बेल्टच्या वेळी काय झालं? गाडी मात्र तेच चालवतात. फक्त आई आता मागे बसत नाही, पुढे बसते, रेडिओ बंद करून.