बेरीज तीच

आमचा कुत्रा पिंट्या गेल्याला आता चार-पाच महिने झाले. परवा लेकीचा क्योटोहून फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, थेट प्रश्न: "आई, शेवटी शेवटी तरी त्याला पोळी देत होतीस का?" "नाही," एवढंच म्हटलं.

तोक्योतल्या निशी-कासाईच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन जाडे होते, एक पिंट्या आणि दुसरा नवरा. जपानात २००८ पासून ४० ते ७४ वयाच्या माणसांची कंबर टेपने मोजतात. पुरुषाची ८५ सेंटिमीटर, बाईची ९० भरली की डॉक्टरांच्या भुवया चढतात. सगळे त्याला 'मेताबो' म्हणतात. नवऱ्याचा मेताबोचा कागद आला त्याच सुमारास पिंट्याचंही वजन उतरवायला सांगितलं. मी दोघांना एकाच शिस्तीत बसवलं.

रविवारी वजनकाटा निघायचा. तो दिसला की पिंट्या टेबलाखाली जाऊन पसरायचा आणि ओढायला गेलं की अंग सैल सोडायचा. काट्यावर एकटा तो कधीच उभा राहिला नाही. मग नवऱ्याने त्याला कडेवर घेऊन उभं राहायचं, नंतर एकट्याने, आणि लेकीने वजाबाकी करायची. मी फक्त दोघांचा मिळून आकडा बघायचे, आणि तो काही केल्या हलेना. काटा बिघडला म्हणून मी नवा आणायला निघाले, तेव्हा लेकीने वही पुढे केली. पिंट्या जेवढा उतरला होता, तेवढाच बाबा चढला होता! जेवताना पिंट्या नवऱ्याच्या पायावर हनुवटी टेकून बसायचा. सवयीने पोळीचा तुकडा मोडला जायचा, मी डोळे वटारायचे, आणि तुकडा बाबाच्याच तोंडात जायचा.

सांगलीहून सासूबाई फोनवर ऐकवायच्या, "अगं, शेवटची पोळी कुत्र्याचीच असते. मुक्या जिवाला उपाशी ठेवू नये." नवरा त्या प्रसिद्ध हाचिको कुत्र्याला मध्ये आणायचा: शिबुया स्टेशनवर लोक त्याला खाऊ घालायचेच ना? मी सांगायचे, १९३५ मध्ये तो मेला तेव्हा त्याच्या पोटात याकितोरीच्या, म्हणजे भाजलेल्या कोंबडीच्या, काड्या निघाल्या. त्या काड्यांनी तो मेला नव्हता, हे मला ठाऊक होतं. ते मी सांगत नसे.

शेवटी वहीतला नवऱ्याचा रकानाही उतरू लागला तो अराकावा नदीच्या बांधामुळे. रोज रात्री जेवणाआधी नवरा, लेक आणि पिंट्या तिकडे फिरायला जायचे. घरात 'हं' आणि 'नाही' यापलीकडे न बोलणारी लेक तिथे बोलायची. कॉम्प्युटरला जायचं नाही, क्योटोला इतिहास शिकायचाय, हे तिने बापाला बांधावर सांगितलं. मला ते फॉर्म भरायच्या वेळी कळलं. राग आला होता, अजून थोडा आहे.

पिंट्या म्हातारा झाल्यावर नवऱ्याने कुत्र्यांची ढकलगाडी आणली. इथे ती सर्रास दिसते, सासूबाई मात्र पोट धरून हसल्या. मग त्याचं खाणं सुटलं. नवरा पोळी दुधात कुस्करून त्याच्यापुढे धरायचा आणि मी तेवढा वेळ ओट्याकडे तोंड करून घासलेलीच भांडी पुन्हा घासायचे. तेव्हा लेकीला जे सांगितलं ते खोटं नव्हतं, मी देत नव्हते.

इथे कुत्रं गेलं की ३० दिवसांच्या आत कळवावं लागतं. तो अर्ज मीच भरला, नवऱ्याला जमेना. बांधावर जाणंही त्याने सोडलंय. यंदाच्या तपासणीत त्याची कंबर ८८ भरली.