सहा किलोची टर्की

पंचवीस डिसेंबरची संध्याकाळ. लँकाशरमधल्या त्या घराबाहेर साडेचारलाच काळोख पडला होता आणि स्वयंपाकघरातल्या ओट्यावर अर्ध्याहून अधिक टर्की तशीच उरली होती. जेवायला माणसं चार. त्यातली पंधरा वर्षांची नात दोन वर्षांपूर्वी शाकाहारी झालेली. म्हणजे खाणारी तीन आणि पक्षी सहा किलोचा.

एवढी मोठी टर्की आणली कशाला? उत्तर सगळ्यांना माहीत होतं, पण ते बोलून दाखवायला कुणी तयार नव्हतं.

काकू आणि डॉक्टर १९७४ साली कोल्हापूरहून इंग्लंडला आले. गणपती, दसरा, दिवाळी हे त्यांचे सण. ख्रिसमसशी त्यांचा संबंध एवढाच की त्या दिवशी सगळं बंद. दुकानं बंद, आगगाड्या बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मुलं शाळेत जायला लागली तेव्हा मात्र त्यांनी हट्ट धरला, 'सगळ्यांच्या घरी टर्की असते, आपल्याकडे का नाही?' १९७९ साली शेजारच्या इंग्रज बाईंनी काकूंना टर्की भाजायला शिकवली. पहिल्याच वर्षी डॉक्टरांनी इस्पितळातल्या हिंदुस्थानी तरुण डॉक्टरांना जेवायला बोलावलं. घरापासून हजारो मैल लांब असलेली ती पोरं. सुटीच्या दिवशी खोलीत बसून काय करणार बिचारी? दहा-बारा पानं सहज व्हायची. इंग्लंडमध्ये माणशी अर्धा किलोचा हिशेब धरतात, हाडांसकट. तेव्हा सहा किलोची टर्की अगदी बेताची होती.

पुढे ती तरुण मुलं आपापल्या संसाराला लागली, लेक लग्न होऊन कॅनडाला गेली, मुलगा लंडनला राहू लागला. पानं कमी होत गेली, टर्की मात्र सहा किलोचीच राहिली. दर नोव्हेंबरात खाटकाला फोन करायचं काम डॉक्टरांचं. 'नेहमीचीच,' एवढंच ते सांगायचे.

२०२३च्या फेब्रुवारीत डॉक्टर गेले. नोव्हेंबरात खाटकानेच फोन केला. 'नेहमीचीच ना?' त्याने विचारलं आणि काकू 'हो' म्हणाल्या. 'नाही' म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

दुपारी जेवणं झाल्यावर कॅनडाहून लेकीचा फोन आला. उरलेल्या टर्कीचा विषय निघताच ती म्हणाली, "अगं आई, एवढं कोण खाणार आहे? टाकून दे ना सरळ. उगीच राबत बसू नकोस."

"टाकून देऊ? सहा किलोचा पक्षी काय टाकायला आणला होता?"

"मग आणलाच कशाला एवढा मोठा?"

काकूंनी फोन ठेवून दिला. एवढ्या वर्षांत लेकीचा फोन त्यांनी असा मधेच कधी ठेवला नव्हता. लेकीचं चुकलं नव्हतं, तिला आईची काळजी होती. पण काही प्रश्न बरोबर असतात म्हणूनच लागतात.

त्या घरात टर्की कापण्याचा मान डॉक्टरांचा होता आणि संध्याकाळी हाडांवरून मांस सोडवण्याचं कामही त्यांचंच. बाकीची मंडळी दूरदर्शनसमोर पेंगत असायची आणि डॉक्टर बाह्या सरसावून ओट्याशी उभे. 'दोन तासांच्या आत सगळं फ्रिजमध्ये गेलं पाहिजे,' हे त्यांचं पालुपद. ते खरंही होतं. शिजलेलं मांस उबदार खोलीत तासन् तास पडून राहिलं की त्यात जंतू झपाट्याने वाढतात आणि सणानंतरचा आठवडा पोट धरून काढावा लागतो. अख्खी टर्की तशीच फ्रिजमध्ये ढकलली तर आतून गार व्हायला फार वेळ लागतो. म्हणून मांस सोडवून उथळ भांड्यात पसरायचं. फ्रिजचं तापमान ५ अंशांच्या आत ठेवायचं. ठेवलेलं मांस दोन दिवसांत संपवायचं. त्याहून जास्त असेल तर लगेच लहान लहान पुड्या करून फ्रीझरमध्ये. खाताना वाफा येईपर्यंत गरम करायचं, पण एकदाच.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. टर्की भट्टीतून काढून दीड तास होऊन गेला होता. त्यांनी पदर खोचला आणि हातात सुरी घेतली. पण पहिला तुकडा काही निघेना. पंचेचाळीस वर्षांत हे काम त्यांनी एकदाही केलं नव्हतं. सांधा कुठे आहे तेच हाताला कळत नव्हतं.

तेवढ्यात मुलगा आत आला. काही न बोलता त्याने हात धुतले, मांडीचा सांधा वाकवून मोडला आणि सुरी आत घातली. बाबांच्या शेजारी उभं राहून लहानपणी त्याने ते कितीदा तरी पाहिलं होतं. मायलेक शेजारी शेजारी उभे राहून काम करू लागले. छातीचं पांढरं मांस एका ताटात, मांड्यांचं गडद मांस दुसऱ्यात, बारीक चुरा तिसऱ्यात, हाडं मोठ्या पातेल्यात.

नात दारात उभी होती. मांसाला ती हात लावणार नव्हती. पण शांतता तिला सहन होईना. ती एकदम म्हणाली, "आजोबा नाहीत तर टर्कीची गोष्ट कोण सांगणार?" आणि मग स्वतःच सांगू लागली.

ती गोष्ट डॉक्टर दरवर्षी याच वेळी सांगायचे. टर्की मूळची अमेरिका खंडातली, मेक्सिकोच्या बाजूची. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ती युरोपात आणली. पण नाव देताना जो तो तिला दुसऱ्याच्या माथी मारत गेला. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानची ठरवलं, तर तुर्क लोक तिला 'हिंदी' म्हणतात. फ्रेंच नावात हिंदुस्थान आहे, डच नावात कालिकत बंदर. पोर्तुगीज लोक तर तिला 'पेरू' म्हणतात. आणि या पक्ष्याची आपल्याशी ओळख कालची नाही. जहांगीर बादशहाने मुकर्रबखानाला गोव्याला धाडून पोर्तुगीजांकडच्या नवलाच्या वस्तू आणवल्या होत्या. त्यात एक टर्कीही होती. तिच्या मानेचे रंग सरड्यासारखे बदलतात हे पाहून बादशहा चकित झाला आणि चित्रकार मन्सूरने १६१२च्या सुमारास तिचं चित्र काढलं. ते आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे.

"आजोबा म्हणायचे, बादशहाने तिचं चित्र काढवलं आणि आपण तिचं सँडविच करतो!" नातीने शेवट केला. सगळे हसले. काकूंना हसताना डोळे पुसावे लागले, पण हात थांबले नाहीत. दोन तास भरायच्या आत ओटा स्वच्छ झाला होता.

उरलेलं अन्न रांधणं काकूंना नवं नव्हतं. कोल्हापूरच्या घरी त्यांच्या आईने शिळ्या भाकरीचा काला केला, शिळ्या भाताला फोडणी दिली, पोळीचा कुस्करा केला, पण घास कधी टाकला नाही. आणि हा गुण फक्त आपल्याच बायकांचा असतो असंही नाही. शेजारच्या त्या इंग्रज बाई युद्धाच्या काळात वाढलेल्या. ब्रिटनमध्ये १९४० साली सुरू झालेलं अन्नाचं रेशनिंग १९५४ पर्यंत पुरतं उठलं नव्हतं. १९७९ साली त्यांनी काकूंना टर्की भाजायला एक दिवस शिकवली आणि उरलेली टर्की संपवायला चार दिवस. आता त्या बाईही राहिल्या नव्हत्या. शेजारच्या घरात त्यांचे म्हातारे यजमान एकटेच असत.

सव्वीस तारखेला सकाळी काकूंनी छातीच्या मांसाच्या पातळ चकत्या केल्या. हे मांस कोरडं. पुन्हा शिजवलं की त्याचा चोथा होतो. म्हणून ते गारच खावं. पावाला लोणी, थोडी मोहरीची चटणी, वर आंबटगोड क्रॅनबेरीचा मुरंबा आणि मध्ये चकत्या. उरलेले उकडलेले बटाटे आणि बोराएवढे ब्रसेल्सचे कोबी एकत्र कुस्करून इंग्रज लोक तव्यावर परततात. परतताना होणाऱ्या आवाजावरून त्याला 'बबल अँड स्क्वीक' असं गमतीचं नाव आहे. काकूंनी त्याला मोहरी, हिरवी मिरची आणि कढीपत्त्याची फोडणी दिली. नातीने त्याच्या दोन थाळ्या संपवल्या.

दुपारी हाडांचं पातेलं चुलीवर चढलं. हाडं बुडतील एवढं पाणी, एक कांदा, आलं, लसूण, तमालपत्र, मिरी. मंद आचेवर अडीच तास. मीठ मात्र शेवटी, चव पाहूनच, कारण भाजताना लावलेलं मीठ हाडांबरोबर येतंच. गाळून घेतल्यावर जे राहतं ते कोल्हापूरचं अळणी. आणि अळणी हाताशी असलं की कोल्हापूरकर काय करणार? तांबडा आणि पांढरा.

तांबड्या रश्शासाठी कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण यांचं वाटण आणि गावाहून आलेला कांदा-लसूण मसाला. रस्सा उकळून चढला की शेवटी मांड्यांचे तुकडे घालायचे. ते आधीच शिजलेले असतात, त्यांना चांगली वाफ आणली की पुरे. पांढऱ्यासाठी काजू, तीळ, खसखस यांचं वाटण, अख्खे लवंग-दालचिनी-मिरे आणि वरून नारळाचं दूध. दूध पडल्यावर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर ते फाटतं. भाजलेल्या हाडांचं अळणी तांबूस असतं, त्यामुळे हा पांढरा रस्सा काही शुभ्र होत नाही, जरा मळकाच दिसतो. चवीत मात्र काही कमी पडत नाही. बारीक चुऱ्यात बटाटा, पुदिना, मिरची घालून पॅटिस झाले. बाकीचं मांस आदल्या रात्रीच तारखेच्या चिठ्ठ्या लावून फ्रीझरमध्ये गेलं होतं.

इंग्रजांनाही उरलेल्या टर्कीची 'करी' परकी नाही. हेलन फील्डिंग यांच्या १९९६ सालच्या 'ब्रिजेट जोन्सेस डायरी' या कादंबरीत नववर्षदिनी टर्की करीचीच मेजवानी आहे. हिंदुस्थानातल्या साहेबांच्या घरी भाजलेलं मांस उरलं की खानसामे ते कांदा-मिरचीत परतून 'जालफ्रेझी' करत. तेव्हा संध्याकाळी काकू पांढऱ्या रश्शाचा डबा घेऊन शेजारी गेल्या तेव्हा म्हाताऱ्याला नवल वाटलं नाही. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि एवढंच विचारलं, "डॉक्टरांसारखा तिखट नाही ना?" पूर्वी डबा घेऊन डॉक्टर यायचे आणि मुद्दाम तांबडा आणायचे. काकू दहा मिनिटं बसल्या. कुणी कुणाचं सांत्वन केलं नाही. म्हाताऱ्याने रस्सा संपवला, डबा धुऊन परत दिला.

सत्तावीसला लेकीचा फोन आला. दोघींनीही परवाच्या बोलण्याचा विषय काढला नाही. जराशाने ती म्हणाली, "आई, माझ्याकडेही हाडं उरलीयेत. टाकवेनात. पांढऱ्याला खसखस किती घालायची गं?"

काकूंनी फोन ओट्यावर उभा केला आणि लेकीच्या स्वयंपाकघरात डोकावून पाहत तासभर सूचना दिल्या. नारळाचं दूध ओतताना दोघी एकदमच ओरडल्या, "गॅस बारीक!" तो डॉक्टरांचा शब्द होता.

उरलेलं अन्न संपवणं म्हणजे काटकसर, असं आपण समजतो. ते आहेच. पण ताटावर आता किती माणसं आहेत हे मान्य करून, आहे ते नीट वाटून खाणं, हेही त्यातच येतं. टाकून देणं सोपं असतं आणि झाकून ठेवून विसरणंही. दोन्हींतून वास मात्र घरभर सुटतो.

२०२४च्या नोव्हेंबरात खाटकाचा फोन आला. "नेहमीचीच?"

"नाही," काकू म्हणाल्या, "यंदा तीन किलोची." आणि तो लिहून घेत असतानाच घाईघाईने पुढे म्हणाल्या, "आणि थोडी जास्तीची हाडं बांधून ठेव. लेक येणार आहे. एवढ्याशा पक्ष्यात रस्सा पुरायचा नाही."