दुसरे असे की...

मुलं इथल्या शाळेत तिसरी-चौथीला पोचली की आपल्या घरात एक नवा पाहुणा येतो. त्याचं नाव 'टॉपिक सेंटेन्स'. परिच्छेदाच्या पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगायचा, पुढे त्याला आधार द्यायचा आणि नवा मुद्दा आला की नवा परिच्छेद! आम्ही वाढलो 'माझा आवडता ऋतू'वर. पावसाचं रसभरित वर्णन करून शेवटी एखादं सुभाषित टाकलं की दहापैकी सात मार्क नक्की.

हा नियम मुळात अमेरिकन शाळांचा नव्हे. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश प्राध्यापकाने १८६६ साली आपल्या पुस्तकात परिच्छेदाचे नियम घालून दिले. पहिल्या वाक्याने विषय दाखवावा, हा त्यांतलाच एक. नियम उपयोगाचा आहे, यात वाद नाही. ऑफिसातला रिपोर्ट असो की कॉलेज-प्रवेशाचा ६५० शब्दांचा निबंध, वाचणारा घाईत असतो. आम्ही मुलीला एक युक्ती सांगत असू : प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य वाच, तेवढ्याने गोष्ट कळली तर लेख उभा राहिला.

पण १९६६ साली रॉबर्ट कॅप्लन या अमेरिकन भाषातज्ज्ञाने चित्रंच काढून दाखवली : इंग्रजी विचार सरळ रेषेत, पौर्वात्य विचार गोल गोल. (त्याच्या 'पौर्वात्यां'त चिनी आणि कोरियन होते, मराठी माणसाला त्याने विचारलंच नव्हतं!) पुढे त्याच्यावर पुष्कळ टीका झाली. तरी आम्हाला प्रश्न पडला, आपण खरंच गोल गोल लिहितो का?

जुनी मोडी पत्रं बघा. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्ह नाही, मग परिच्छेद कुठला! तरी कारकुनाचा गोंधळ होत नसे. 'विज्ञापना ऐसी जे' आलं की मजकूर सुरू, 'बहुत काय लिहिणे' आलं की संपला. इंग्रजीने मोकळी जागा सोडून जे साधलं, ते आपण शब्दांनी साधत होतो. 'वि. वि.', 'दुसरे असे की', 'बाकी सर्व क्षेम', 'कळावे' हे सगळे त्याच घराण्यातले.

साताऱ्याहून येणारी आजीची एरोग्राम्स याच वळणाची. कागद एवढासा, टपाल महाग. परिच्छेदासाठी अर्धी ओळ मोकळी सोडणं म्हणजे उधळपट्टी! समास भरला की मजकूर घडीच्या पट्टीवर चढे.

परवा मुलीने ती पत्रं भावंडांसाठी टाइप करायला घेतली. मराठी ती अडखळत वाचते, पण लेखन अमेरिकन शिस्तीचं. १९८७ सालच्या पत्राचे तिने चार परिच्छेद पाडले : कैऱ्या, शेजारच्या शकूचं लग्न, पाऊस, आणि एका वाक्याचा चौथा. 'बाकी आता जिना चढवत नाही, म्हणून माझं अंथरूण खालीच घालतात.' मूळ पत्रात हे वाक्य लोणच्याचा मसाला आणि शकूचं लग्न यांच्यामध्ये होतं. तेव्हा आम्हीही ते लोणच्याबरोबरच वाचलं असणार. आता वर-खाली मोकळी जागा सोडून ते एकटं उभं होतं आणि आम्हा दोघांनाही पुढे वाचवेना.

"आजीने हे मध्येच का घातलं? मेन पॉइंट तर हाच आहे," मुलगी म्हणाली.

म्हणूनच घातलं, असं आम्ही सांगितलं. आठ हजार मैलांवरच्या माणसाला तिकिटाचा खर्च काढून धावत यायला लावायचं नव्हतं. पण न सांगताही राहवत नव्हतं.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसली. मग तिने ते वाक्य उचललं आणि परत लोणच्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. बाकीचे परिच्छेद मात्र तसेच ठेवले. भावंडांना वाचायला सोपं जावं म्हणून.