राक्षसाचं गॅरेज : लॅमिंग्टन रोड ते नागदेवी

रिमोटवर पळणारा एक मोडका ट्रक, एक रिटायर्ड फिटर आणि मुंबईतल्या दोन गल्ल्या... मॉलमध्ये न जाता घालवलेल्या एका शनिवारची ही गोष्ट!

शनिवारी सकाळी साडेदहा वाजता तुम्ही काय करत असता? झोपलेले असता, बरोबर? मीही असते. पण त्या शनिवारी मी ग्रँट रोड स्टेशनबाहेर उभी होते. खांद्यावर लॅपटॉपची सॅक, सॅकमध्ये लॅपटॉपऐवजी मोडलेला मॉन्स्टर ट्रक आणि शेजारी हातात कापडी पिशवी घेतलेले बाबा. ठाण्याहून निघून दादरला गाडी बदलेपर्यंत आम्ही दोघं मिळून जेमतेम चार वाक्यं बोललो होतो. त्यातली दोन 'जागा मिळाली का' याच विषयावर!

ट्रक दादाचा. त्याने पहिल्या नोकरीच्या पहिल्या बोनसमधून घेतलेला, एकास दहा मापाचा. तळहातापेक्षा मोठी चाकं आणि पालथं घातलं तरी खाली-वर होणारं सस्पेन्शन. जर्मनीला जाताना त्याने तो माझ्या हवाली केला. म्हणाला, "चालवत राहा गं. नुसता ठेवलास तर बॅटरी मरेल." मीही आज्ञाधारक बहीण. चालवला, तो मोडेपर्यंत! आणि आता दहा दिवसांवर दादाची फ्लाइट.

झालं काय, की मला स्पीड कमी वाटला. मूळची बॅटरी दोन सेलची, ७.४ व्होल्टची. मी तीन सेलची, ११.१ व्होल्टची आणली. मग जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की आतून 'किर्रर्र' असा आवाज यायला लागला. काहीतरी सैल असणार, असं वाटून मी गिअरवरचा एक नट गच्च आवळला. आवाज बंद! मी खूश! दुसऱ्या दिवशी सोसायटीमागच्या प्लॉटवर मातीच्या ढिगाऱ्यावरून ट्रक उडवला, तो हवेत फिरला आणि पुढच्या उजव्या चाकावर आपटला. चाक धरणारा प्लास्टिकचा हात, ज्याला ए-आर्म म्हणतात, मधोमध तुटला. त्यातून जाणारी पिन वाकली. आणि मोठ्या गिअरचे दात? चणे खाऊन पडलेल्या दातांसारखे डब्यात खुळखुळत होते.

बाबा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाल्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून सकाळी पेपर, दुपारी टीव्ही आणि संध्याकाळी कट्टा. मी डायनिंग टेबलवर ट्रक उघडून बसले होते, तेव्हा ते मागे येऊन उभे राहिले. चष्मा वर केला, वाकलेली पिन दोन बोटांत फिरवून बघितली आणि म्हणाले, "तीन एमएम आहे. नागदेवीला मिळेल." दोन वर्षांत त्यांच्या तोंडून बाहेर जायची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली.

लॅमिंग्टन रोड : वायरींचं जंगल

पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण टॅक्सीवाल्यापासून इंजिनिअरिंगच्या पोरांपर्यंत सगळ्यांसाठी लॅमिंग्टन रोडच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं हे नाव काही केल्या पुसलं जात नाही. कॉम्प्युटर, सीसीटीव्ही, स्पीकर हे सगळं दर्शनी भागात. पण आत शिरलं, की खरी मजा. रेझिस्टरचे ड्रॉवर, मोटरी, सेन्सर, ड्रोनचे पंखे. कॉलेजच्या प्रोजेक्टच्या सबमिशनआधी इथे कोण गर्दी असते!

आमचं काम साधं होतं. बॅटरी जोडायचा कनेक्टर गरम होऊन मऊ पडला होता. काऊंटरमागच्या मुलाने तो बघितला आणि विचारलं, "तीन सेल लावला ना?" मी मान खाली घातली. त्याने पिवळा एक्सटी-६० कनेक्टर काढला, सोल्डरिंग गन तापवली, वायरींवर श्रिंक ट्यूब चढवली आणि पाच मिनिटांत काम संपवलं. वर एक छोटा व्होल्टेज अलार्म हातात ठेवला. लिथियम पॉलिमर बॅटरीचा एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट. तो ३ व्होल्टच्या खाली उतरला तर बॅटरी कायमची बिघडू शकते. अलार्म त्याच्या आधीच बोंबलतो. आणि गाडी बरेच दिवस चालवायची नसेल, तर प्रत्येक सेल साधारण ३.८ व्होल्टवर ठेवायचा. पूर्ण भरून नाही आणि पूर्ण रिकामा करूनही नाही.

"मग आता पुन्हा तीन सेल लावू का?" मी विचारलं.

"लावा, पण मोटरवरचा पिनियन लहान घ्या. टॉप स्पीड थोडा जाईल, पण मोटर कमी तापेल. आणि दीदी, तो स्लिपरचा नट आवळला असेल तर सोडवा."

बाबांनी मान वर केली. "कसला नट?"

मोडण्यासाठीच बनवलेला भाग

तो नट, म्हणजे मी गच्च आवळलेला नट, स्लिपर क्लचचा असतो. मोठ्या गिअरला एक चकती आणि स्प्रिंग चिकटून असते. ट्रक उंचावरून जमिनीवर आदळतो, तेव्हा फिरती चाकं एकदम अडतात आणि तो झटका सरळ गिअरबॉक्सकडे येतो. अशा वेळी क्लच थोडा घसरतो आणि झटका गिळून टाकतो. मला आलेला 'किर्रर्र' आवाज बिघाडाचा नव्हताच. तीन सेलचा अंगावर आलेला जोर क्लच सांभाळत होता, त्याचा तो आवाज होता. मी त्याचं तोंडच बंद केलं होतं!

मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटवरून चालताना बाबा आपणहून बोलायला लागले. कारखान्यातल्या मोठ्या मशीनला एक शिअर पिन असायची. मुद्दाम मऊ लोखंडाची. मशीन अडकलं की पिन कटायची, गिअरबॉक्स वाचायचा. "एकदा एका नव्या पोराने वैतागून तिच्या जागी कडक स्टीलची पिन घातली. पिन काही तुटली नाही." मी विचारलं, "मग?" बाबा म्हणाले, "मग काय, गिअरबॉक्स तुटला. आठ दिवस लाइन बंद!"

मला एकदम बॉब चँडलर आठवला. अमेरिकेतल्या सेंट लुईस भागात याचं फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचं दुकान होतं. स्वतःचा १९७४ मॉडेलचा फोर्ड पिकअप तो इतका दामटायचा की सतत काहीतरी तुटायचं. त्यावरून दुकानात त्याच्या 'बिगफूट'ची चेष्टा व्हायची, कारण पाय कायम अ‍ॅक्सिलरेटरवर. मोठे टायर लावले की अ‍ॅक्सल तुटायचा, म्हणून आणखी मोठा अ‍ॅक्सल, मग आणखी मोठे टायर. १९८१ मध्ये त्याच पिकअपने दोन भंगार गाड्या चिरडल्या आणि मॉन्स्टर ट्रक नावाचं वेड सुरू झालं. १९८७ मध्ये जपानच्या तामियाने दोन मोटरींचा, चारही चाकं वळणारा 'क्लॉड बस्टर' काढला आणि ते वेड रिमोटवर आलं. म्हणजे हा अख्खा प्रकारच तोडा-जोडा-वाढवा यातून जन्मलेला. फक्त एक भाग मजबूत केला, की तुटायची पाळी शेजारच्या भागावर येते, हे चँडलरलाही दर वेळी नव्याने कळलं असणार.

नागदेवी : जिथे नटाला नाव असतं

लोहार चाळीतले दिवे, पंखे, स्विच ओलांडून, क्रॉफर्ड मार्केट उजवीकडे ठेवून आम्ही नागदेवी स्ट्रीटला पोहोचलो. इथे शॉपिंग करायला या असं मी मैत्रिणीला सांगितलं तर ती मला ब्लॉक करेल. हातगाड्या, डोक्यावर ओझं घेतलेले हमाल, 'साइड... साइड!' आणि दोन्ही बाजूंना चिंचोळी दुकानं. एकात फक्त बेअरिंग. एकात फक्त स्प्रिंगा. एकात नट-बोल्ट, तेही किलोवर! मी बावरले होते. बाबा मात्र अशा चालीने निघाले, की मला त्यांच्या मागे पळावं लागलं.

"बोलो काका, साइज?"

बाबांनी खिशातून व्हर्निअर काढला. हो, घरून आणला होता! चाकातला जुना पितळी बुश मोजला. "पाच, अकरा, चार." म्हणजे आतलं भोक ५ मिमी, बाहेरचा व्यास ११ मिमी आणि जाडी ४ मिमी. दुकानदाराने लगेच नंबर सांगितला, एमआर ११५. "झेडझेड के टू आरएस?" बाबांनी माझ्याकडे वळून समजावलं. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, टू आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबराचं सील. आमचा ट्रक माती आणि चिखल खाणार, म्हणून रबर. चार चाकांना मिळून आठ लागत होते, दहा घेतले. पितळी बुश घासून ढिले होतात, चाक डगमगतं आणि त्याचा भार पुढे गिअरवर येतो. बेअरिंगने हा डगमगाट जातो. अपग्रेड करायचं असेल तर पहिला पैसा इथेच घालावा.

पुढच्या दुकानात ३ मिमीची सिल्व्हर स्टीलची सळी. वाकलेल्या पिनेच्या जागी तीच कापून बसवायची. मग चाकांसाठी नायलॉनची रिंग असलेले एम-४ नट, जे धक्क्यांनी सुटत नाहीत. आणि निळ्या रंगाचं थ्रेडलॉकर. धातूच्या भोकात जाणाऱ्या स्क्रूला एक थेंब. निळं घ्यायचं, कारण लाल लावलं तर पुढच्या वेळी उघडताना रडाल. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र हे लावायचं नाही.

आणि मग मला ती दिसली... म्हणजे मोबाइलवर. अ‍ॅल्युमिनियमची निळी चकचकीत ए-आर्मची जोडी, ऑनलाइन. मी ऑर्डरचं बटण दाबणारच होते. बाबांनी स्क्रीनकडे बघितलं. "ही वाकली की वाकलेलीच राहणार. आणि नाही वाकली, तर जिथे ती बसवलीय तो सांगाडा फुटेल. तुला काय बदलायला परवडेल?"

उत्तर सोपं होतं. मी नायलॉनच्या आर्मच्या दोन जोड्या मागवल्या. सोबत मोठा गिअर आणि लहान पिनियन. नायलॉन लवतो, परत येतो आणि फारच झालं तर स्वतः तुटतो. आर्म बदलायला दहा मिनिटं लागतात, सांगाडा बदलायला अख्खा ट्रक उघडावा लागतो.

क्रॉफर्ड मार्केटसमोर बादशाहमध्ये फालुदा घेतला. बाबा ग्लास बाजूला सारून टेबलावर बेअरिंग फिरवून बघत होते. एकेक कानाशी नेऊन!

डायनिंग टेबलवरचं वर्कशॉप

पार्सल आल्यावर पुढचे चार दिवस आमच्या घरी जेवणं सोफ्यावर झाली. आई सुरुवातीला वैतागली, मग तिनेच शिवणाच्या डब्यातली चुंबकाची पट्टी स्क्रू ठेवायला दिली. बाबांनी सळी कापून तिची टोकं कानशीने गुळगुळीत केली. गिअर बसवताना त्यांनी माझ्या वहीचा कागद फाडला, पट्टी करून पिनियन आणि मोठ्या गिअरच्या दातांमध्ये घातली, मोटर त्यावर टेकवली, स्क्रू आवळले आणि पट्टी फिरवून काढून घेतली. कागदाइतकीच फट राहिली पाहिजे. जास्त राहिली तर दात घसरतात, कमी राहिली तर तापतात. फाटलेल्या बॉडीला आतून फायबरची जाळीची टेप लावून वर चपला चिकटवायचा लवचिक गोंद फासला. बाहेरून शिवण दिसते. दिसू दे!

स्लिपरचा नट शेवटी. मी आवळला, बाबांनी अर्धा फेरा सोडला. मैदानात नेऊन गाडी एकदम पळवली, पुढची चाकं उचलली गेली आणि क्षणभर तोच 'किर्रर्र' आला. या वेळी आम्ही दोघंही हसलो.

दादा आला. बॅग उघडायच्या आत मी सगळं कबूल केलं. तो काही बोलला नाही, फक्त रिमोट मागितला. आम्ही तिघंही प्लॉटवर गेलो. ढिगाऱ्यावरून पहिली उडी झकास, दुसरी त्याहून झकास. तिसरीला ट्रक तिरका गेला आणि फुल स्पीडने कंपाऊंडच्या भिंतीवर आदळला. शांतता. दादाने तो उचलला. पुढचा डावा आर्म तुटला होता. पिन सरळ, गिअर शाबूत, सांगाड्यावर ओरखडासुद्धा नाही.

"सॉरी," दादा म्हणाला.

बाबांनी शर्टाच्या खिशातून दुसरा आर्म आणि अ‍ॅलन की काढली. "बस खाली," ते म्हणाले, "शिकवतो."

तुम्हालाही जायचंय?

लॅमिंग्टन रोडसाठी ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरा. नागदेवीसाठी मध्य रेल्वेचं मशीद स्टेशन जवळ, पण फास्ट गाडी तिथे थांबत नाही. रविवारी दोन्हीकडे बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून शनिवारच बरा. मोडका भाग सोबत न्या, वर्णन करून सांगायच्या भानगडीत पडू नका. व्हर्निअर असेल तर उत्तम. तो वापरता येणारं माणूस घरात असेल, तर त्याहून उत्तम!