जुन्या वडापासून २०० मीटर

कोस्टा रिकाला जायचे तर बरोबर काय न्यावे, असे हल्ली मला पुष्कळ जण विचारतात. मी सांगतो, छत्री न्या आणि मानापमान घरी ठेवा. मी स्वतः नेमके उलट केले होते.

मुलीने तिकडच्याच मुलाशी लग्न केले आणि मी चार वर्षे तिच्याशी बोललो नाही. त्या देशाने १९४८ साली आपले लष्करच काढून टाकले. मी मात्र घरच्या आघाडीवर ठाण मांडून बसलो होतो. मग नात झाली. हिच्या गुडघ्यांना एवढा प्रवास झेपणारा नव्हता. "तुम्ही तरी जाऊन या," ही म्हणाली, आणि मी निघालो. मुलीला मात्र बजावले, 'विमानतळावर यायचे नाही. पत्ता पाठव.'

आपले घड्याळ त्यांच्यापुढे साडेअकरा तास. विमान सान होसेचे म्हणायचे, पण विमानतळ शेजारच्या आलाह्वेला गावी. वीज १२० व्होल्टची, पिना चपट्या. आपल्या चालत नाहीत. पहिली रात्र मी हॉटेलात काढली. (आडमुठेपणा, दुसरे काय!)

दुसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी केली. तिथल्या टॅक्सीचा रंग लाल, दारावर पिवळा त्रिकोण, आणि मीटरला म्हणतात 'मारिया'. चिठ्ठीवर पत्ता होता, 'सान पेद्रो, जुन्या वडापासून २०० मीटर दक्षिणेला, ५० मीटर पूर्वेला, पांढरे फाटक.' ना रस्त्याचे नाव, ना घराचा नंबर! पोरगी आपली थट्टा करते आहे, असेच मला वाटले. ड्रायव्हरने मात्र निमूट मान डोलावली आणि एका चौकात हात केला. पुढे मी चालत जाईन, असे मी ऐटीत खुणावले.

वड कुठेच नव्हता. मे ते नोव्हेंबर तिथे दुपारी आभाळ फाटते, आणि हा तर ऑक्टोबर. वीस मिनिटे भिजत मी झाड शोधले. शेवटी एका लॉटरीवाल्या बाईला चिठ्ठी दाखवली. ती मनापासून हसली. हातवाऱ्यांवरून उमगले, की ते झाड केव्हाच गेले. 'जुना' म्हणजे म्हातारा नव्हे, पूर्वी इथे असलेला! पत्ते अजून त्याच्यापासूनच मोजतात. आणि १०० मीटर म्हणजे एक चौक, मग तो भरो ना भरो.

दोन चौक मोजले, अर्धा वळलो. पांढऱ्या फाटकात मुलगी उभी होती. छत्री होती, पण मिटलेली. तीही भिजली होती.

"झाड सापडलं, बाबा?"

"नाही गं."

आत जावयाने माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि ताट पुढे केले. भात आणि काळ्या घेवड्याची उसळ एकत्र परतलेली. त्याला गायो पिंतो म्हणतात. शाकाहारी माणसाने तो चरबीत केलेला नाही ना, हे आधी विचारावे. मी विचारले, पण गडबडीत मराठीतून.

"तेल, बाबा," जावई म्हणाला.