कपाटातला नकाशा

सरकारी नोकरीत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला एक सवय जडते. कोणी कागद मागितला की तो देण्याआधी, मागणारा कोण, हे विचारण्याची. निवृत्त झालो तरी माझी ही सवय सुटली नव्हती. ती सुटू लागली ती एका निराळ्याच शाळेत. ह्या शाळेला इमारत नाही, फी नाही, हजेरीपट नाही. आणि तिथल्या बहुतेक मास्तरांची माझी गाठ ह्या जन्मी पडण्याचा संभव नाही.

टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली, पुण्याहून पुतणीचा फोन आला. “काका, जन्मभर नकाशे सांभाळलेत, आता एखादा काढून बघा.” क्यूजीआयएस नावाची नकाशे तयार करण्याची संगणकप्रणाली तिने दुरूनच माझ्या संगणकावर बसवून दिली. गॅरी शर्मन नावाच्या अलास्कातील गृहस्थांनी २००२ साली ती लिहायला घेतली आणि जगाला मोकळी करून दिली. आज देशोदेशींचे स्वयंसेवक ती वाढवीत असतात. वापरायला पैसा पडत नाही, आणि तिच्या पोटात काय दडले आहे तेही कोणालाही उघडून पाहता येते. आयुष्य गोपनीय फायलींत गेलेल्या मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटली.

सुरुवात मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ पाठांनी केली. दहा-दहा मिनिटांचा पाठ. ऐकायचा, थांबवायचा, तेवढे स्वतः करून पाहायचे, पुन्हा ऐकायचा. एकच वाक्य अकरा वेळा ऐकले तरी कोणाच्या कपाळाला आठी पडत नाही. पुढे धीर आल्यावर ह्या प्रणालीची मंडळी महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जो सामुदायिक वर्ग भरवीत, त्याला जाऊ लागलो. ‘जाऊ लागलो’ म्हणजे झोपाळ्यावरून उठून, चष्मा पुसून टेबलाशी बसू लागलो, इतकेच! कोणी आपले काम पडद्यावर उलगडून दाखवतो, बाकीचे प्रश्न लिहून पाठवतात, आणि ज्याला येते तो उत्तर देतो.

माझ्या पहिल्या नकाशात सुरत समुद्रात बुडाले होते. तेही अरबी समुद्रात नव्हे, पार नॉर्वेच्या उत्तरेला. भीत भीत प्रश्न लिहिला. एका तरुणाने लगेच सांगितले, “सर, आपण अक्षांश आधी घातलेत. इथे रेखांश आधी लागतो.” एकवीस आणि बहात्तर ह्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. शाळेपासून ‘अक्षांश-रेखांश’ असाच क्रम तोंडी बसलेला, त्याचा हा प्रताप. मी कोण, कोणत्या हुद्द्यावर होतो, मला नकाशा कशाला हवा, ह्यातले त्याने काहीएक विचारले नाही. त्या रात्री मला शेजारच्या काकू आठवल्या.

ऑगस्ट २००६. उकाई धरणातून तापीत नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि शहराचा फार मोठा भाग बुडाला, हे आपणा सर्वांच्या अंगावरून गेले आहे. आमच्या नानपुऱ्यात पाणी शिरण्याच्या आदल्या संध्याकाळी काकू ओट्यावर आल्या. “अरे, तू सरकारात आहेस. आपल्या गल्लीत कुठवर येईल रे पाणी? तुमच्या नकाशात असेल ना?”

नकाशा होता. माझ्या तेव्हाच्या कार्यालयातल्या लोखंडी कपाटात होता. डंपी लेव्हल आणि स्टाफ घेऊन माणसांनी उन्हातान्हात घेतलेल्या उंचींचा तो नकाशा. वर ‘केवळ कार्यालयीन उपयोगासाठी’ असा शिक्का. मी तो पाहिलेला होता. आमची गल्ली खोलगट आहे हे मला ठाऊक होते. मी म्हणालो, “काकू, ते नकाशे बाहेर सांगायचे नसतात. घाबरू नका, होईल व्यवस्था.”

त्यांच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पायथ्याशी, एक सागवानी पेटी असे. गायकवाडांच्या चाकरीत नवसारी प्रांतात आलेल्या त्यांच्या आजेसासऱ्यांच्या मोडीतल्या वह्या तिच्यात होत्या. पाणी ओसरल्यावर तिच्यातून चिखलाचा लगदा निघाला. ती पेटी माडीवर चढवायला दोन माणसे आणि अर्धा तास पुरला असता, आणि मी घरीच होतो. पुढे २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशांवरची पुष्कळ बंधने उठवली, तेव्हा मनात आले की हे पंधरा वर्षे आधी झाले असते तर! पण ही स्वतःची समजूत घालणे झाले. ‘पेटी वर न्या’ एवढे तीन शब्द सांगायला मला कोणताच नियम आड येत नव्हता.

म्हणून हात बसल्यावर पहिला उद्योग केला तो आमच्या भागाच्या समोच्च रेषा काढण्याचा. २००० साली ‘एंडेव्हर’ ह्या अंतराळयानातून अकरा दिवसांत रडारने मोजलेल्या भूपृष्ठाच्या उंची आता कोणालाही फुकट मिळतात. वर्गात शिकवल्याप्रमाणे त्या उतरवून घेतल्या, रेषा काढल्या. नकाशा देखणा झाला आणि निरुपयोगी ठरला. त्या मोजणीत तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते. आमची गल्ली तशा दोन-तीन चौकोनांत संपते. शिवाय दाट वस्तीत रडारला रस्त्यापेक्षा छपरेच अधिक दिसतात, आणि पाणी तर रस्त्याने येते. प्रणाली मोकळी, विद्या मोकळी. खरे आकडे मात्र अजून कुठल्याशा कपाटात!

ही रड मी वर्गात मांडली. कोण्या बाईंनी दोन ओळींत उत्तर लिहिले, की पुराची खूण भिंतींवर असेल, ती मोजा. मी टेप घेऊन बसलेलो जन्मभर, आणि हे सुचले नाही! पुराचे पाणी एका गल्लीत जवळजवळ सपाट उभे राहते. ज्याच्या दारात खूण जितकी उंच, तिथला रस्ता तितका खोल. म्हणजे तापीनेच लेव्हल घेऊन ठेवली होती. वाचायची तेवढी बाकी होती. तेव्हापासून घरोघर हिंडतो आहे. रंग दिलेल्या भिंतींवर खूण नसते, पण माणसांना आठवते. कोणी देव्हाऱ्याचा कोनाडा दाखवतो, कोणी विजेचे मीटर. अडाजण आणि रांदेर भागातल्या वाचकांनी आपल्या दारातली उंची रस्त्यापासून फूट-इंचांत कळवली तर तीही ह्या नकाशात भरीन. तो कोणालाही मिळेल.

काकूंच्या घरी सर्वांत शेवटी गेलो. नव्वदी गाठलेल्या काकू भिंतीला धरून जिन्यापर्यंत आल्या, काठी टेकवून पायऱ्या मोजल्या आणि म्हणाल्या, “सातवी बुडली होती. आठवी कोरडी.”

मी वाकून टेप लावला. चार फूट एक इंच.

“लिहिलंस?” त्यांनी विचारले.

“लिहिलं, काकू.”