पुठ्ठ्याचे गाव

गेल्या दीड वर्षात आमच्या घरातून पुठ्ठा बाहेर पडलेला नाही. बुटांची खोकी, मिठाईची खोकी, अंड्यांचे ट्रे, आइस्क्रीमच्या काड्या, टूथपेस्टची टोपणे, सारे नातवाच्या पलंगाखाली जमा होते. भंगारवाला आता आमच्या दारासमोर हाकही मारत नाही.

कारण एक खेळ. नातवाच्या मामांनी इंग्लंडहून येताना त्याला छोट्या सैनिकांची पेटी आणली. सैनिक २८ मिलिमीटरचे, म्हणजे बोटाच्या पेराएवढे. टेबलावर फूटपट्टीने इंच मोजत त्यांना पुढे सरकवायचे आणि कोण पडला, कोण टिकला ते फासे टाकून ठरवायचे. खेळ काही आजचा नाही. १८१२ साली फॉन राइसविट्झ नावाच्या गृहस्थांनी प्रशियाच्या राजाला असेच एक युद्धाचे टेबल करून दिले होते. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स' लिहून हा खेळ घरातल्या फरशीवर आणला, आणि तेही डहाळ्या खोचून झाडे करीत. हे ऐकल्यावर सूनबाईंचा पलंगाखालच्या पसाऱ्यावरचा राग थोडा उतरला.

सैनिक मिळाले, पण त्यांना लपायला घरे, भिंती, झाडे हवीत, आणि ती विकत घेणे परवडत नाही. म्हणून आम्ही दोघे म्हातारे कामाला लागलो. एकाने कापायचे, दुसऱ्याने चिकटवायचे. यातल्या युक्त्या वाचकांच्या घरी नातवंडे असतील तर उपयोगी पडतील. खोक्याचा वरचा कागद ओला करून सोलला की आतली पन्हळ उघडी पडते. तिला गंजाचा रंग दिला की झाले पत्र्याचे छप्पर. अंड्याच्या ट्रेचे चौकोनी तुकडे म्हणजे दगडी चिरे. भांडी घासायची हिरवी घासणी फाडली की झुडूप. वापरलेली चहापूड धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून फेविकोलवर पेरली की झाडाखालचा पाचोळा. टेकडीसाठी थर्मोकोल उत्तम, फक्त त्यावर थेट स्प्रेचा रंग मारू नये, तो थर्मोकोल खाऊन टाकतो. आधी पातळ फेविकोलमध्ये भिजवलेल्या कागदाचा थर द्यावा, मग पाण्यातला रंग. आणि शेवटी फिकट रंगात बुडवलेला ब्रश कागदावर जवळजवळ कोरडा करून उंचवट्यांवरून हलकेच फिरवावा. चिऱ्यांच्या कडा अशा उजळतात की पुठ्ठा आहे हे सांगावे लागते.

टेकड्या झाल्या, कुंपणे झाली. मग एके दिवशी नातवाने एक चित्र दाखवले. तयार मिळणाऱ्या घरांचा संच होता, मध्यपूर्वेतल्या गावाचा. सपाट गच्ची, कठडा, छोट्या खिडक्या, एक घुमट. आणि प्रत्येक घराचा एक कोपरा उडालेला.

"दादी, अशी पडकी घरं करायची."

"सगळीच पडकी का रे?"

त्याने समजावून सांगितले. घर बंद असेल तर सैनिक आत ठेवता येत नाही आणि समोरच्यालाही दिसत नाही. पडक्या घरात हात जातो. खेळाच्या दृष्टीने त्याचे बरोबरच होते.

पण ती गच्ची आमच्या ओळखीची होती. लग्नानंतर आम्ही कुवेतमध्ये सालमिया भागात राहत होतो, तीन मजली इमारतीत. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा शिरल्या. त्या काही महिन्यांत एक लाख सत्तर हजारांहून अधिक भारतीय मायदेशी परतले. बहुतेकांसारखे आम्हीही बगदादमार्गे बसने अम्मानला पोहोचलो आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. दोन बॅगा बरोबर होत्या. गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायचे राहिले. हे सारे घरात अनेकदा सांगून झाले आहे. नातवाला त्याचा कंटाळा येतो आणि त्यात गैर काही नाही.

आम्ही एवढेच म्हटले, घर करू, पण धड करू.

"मग सैनिक आत कसे जाणार?"

ही अडचण खरी होती. दोन दिवस विचार केला. मग मिठाईचे तीन खोके एकावर एक ठेवले, तीन मजले झाले. खोके एकमेकांना चिकटवले नाहीत, म्हणजे मजला सुटा उचलता येतो. दारे चार सेंटिमीटरची. गच्चीचा पुठ्ठा भिंतींच्या वरच्या कडेपेक्षा सेंटिमीटरभर खाली, आतल्या पट्टीवर टेकवला, त्यामुळे कठडा आपोआप तयार झाला. गच्चीवर गोळ्यांची रिकामी बाटली पाण्याची टाकी म्हणून पक्की चिकटवली; तिला धरूनच छत उचलायचे. बाजूला दोन काड्या, त्यांच्यामध्ये दोरा आणि दोऱ्यावर चिंध्यांचे कपडे. फेविकोलच्या पाण्यात बुडवून अर्धवट ओले असताना वाकवले, की वाऱ्यावर उडाल्यासारखे तसेच वाळतात. एक निळा सदरा, एक ओढणी, बाकी लहान मुलांचे.

रविवारी नातवाचे मित्र आले. अर्धा तास फासे पडलेच नाहीत. कपड्यांमागे उभा असलेला सैनिक दिसतो की लपतो, यावर वाद. एकाचे म्हणणे, कापडातून गोळी जाते. दुसऱ्याचे म्हणणे, गोळी जाते पण माणूस दिसत नाही. मग तिसऱ्याने विचारले, कपडे वाळताहेत म्हणजे घरात माणसे आहेत, त्यांचे काय? नियमांच्या पुस्तकात त्या माणसांसाठी काही नव्हते. पोरांनी आपसात ठरवले की या घरावर मारा करणाऱ्याचे पाच गुण जातील. नातवाने दोनदा मारा केला आणि दहा गुण गमावून हरला. आम्ही सामोसे तळत होतो, काही बोललो नाही.

घर त्याने फोडलेले नाही. उलट आता तळमजल्यावर दुकान मागतो आहे. इराणी रोटीची बेकरी करावी असे आमच्या मनात आहे, कारण तिथे खाली तीच होती. तंदूरसाठी टूथपेस्टचे टोपण लहान पडते. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे बसते का, ते पाहायचे आहे.